भिंतीवरचा भलताच अलार्म

१

बुन-ये मावशी सकाळी नऊ वाजता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडव्या पडलेल्या सापडल्या. डोळे अर्धवट उघडे, अंगात जुनी लोकरी बंडी, आणि डोक्यापासून दोन हातांवर, भिंतीला टांगलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. अलार्म गप्प होता.

सापडल्या त्या शेजारच्या बोंग-इम काकूंना. चांद्रवर्षाचा सण होऊन पाच दिवस झाले होते आणि काकू सणाचे डबे परत करायला आल्या होत्या. मावशींना तसं बघून काकूंनी काय केलं असेल? खिडकी उघडली? छे. पळत घरी गेल्या आणि मुळ्याच्या किमचीचं आंबट पाणी वाटीभर घेऊन आल्या. आमचं चोलगोल म्हणजे जुन्या कोळशाच्या खाणींचं गाव. इथल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसाला ठाम माहीत आहे की गॅस चढला की मुळ्याचं पाणी पाजायचं. काकूंनी ते बेशुद्ध बाईच्या तोंडात ओतलं, मावशींना ठसका लागला, काकू किंचाळल्या, आणि ती किंचाळी ऐकून समोरचा शिंपी धावत आला. त्याने दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि मावशींना ओढत अंगणातल्या बर्फात आणलं. मावशी वाचल्या त्या शिंप्यामुळे. काकू अजून श्रेय मुळ्याला देतात.

कारण दुपारपर्यंत कळलं. छपरावरचा बर्फाचा थर घसरून घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरच्या धुराड्यावर आदळला, नळा सांध्यातून निसटला आणि जो धूर बाहेर जायचा तो घरात शिरला. बर्फावर कोण खटला भरणार? पण नेमक्या अशाच दिवसासाठी घरात अलार्म लावतात. या गॅसला ना वास, ना रंग. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस म्हणतो जरा पडतो, आणि पडतो तो पडतोच.

मी मेंग ओक-रान. गॅस कंपनीतर्फे वर्षातून दोनदा घरोघरी तपासणीला जाते. बुन-ये मावशींचं घर अकरा वर्षं माझ्याच फेरीत आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी, सोमवारी, प्यो मॅनेजरने मला बोलावून घेतलं तेव्हा मला वाटलं, विचारपूस करायची असेल. कसली विचारपूस! टेबलावर मावशींच्या घरचा अलार्म ठेवलेला होता.

"बटण दाबा," प्यो म्हणाला.

दाबलं. अलार्म असा काही कोकलला की बाहेरच्या टायपिस्टने आत डोकावून पाहिलं.

मग प्योने त्यावर प्लास्टिकची पिशवी घातली आणि तपासणीच्या डबीतून आत थोडा गॅस सोडला. आम्ही पाच मिनिटं बसून राहिलो. अलार्मने हूं की चूं केलं नाही.

"आता उलटा करा. मागची तारीख वाचा."

बनवल्याची तारीख बारा वर्षांपूर्वीची होती. तिच्याखाली बारीक अक्षरात छापलं होतं: दहा वर्षांनी बदला.

"आणि हा तुमचा ऑक्टोबरचा कागद," प्यो म्हणाला. "अलार्म ठीक आहे, अशी बरोबरची खूण. खाली तुमची सही. मेंगबाई, तुम्ही घरात गेला होतात का खरंच?"

"साहेब, हा तो अलार्म नाही."

२

बाकी काही म्हणा, कामात मला कोणी बोट दाखवलेलं मी खपवून घेत नाही. ऑक्टोबरात मी मावशींच्या भिंतीवरून जो अलार्म उतरवला होता तो लांबट होता, नव्या बॉयलरबरोबर तीन वर्षांपूर्वी बसवलेला. हा गोल होता. पण कंपनीच्या कागदावर आम्ही फक्त ठीक किंवा ठीक नाही एवढंच भरतो. फोटो नाही, नंबर नाही.

पुरावा एकच होता आणि तो सांगायला मला लाज वाटत होती. प्रत्येक अलार्मची मागची तारीख वाचून झाली की मी त्याच्या खालच्या कडेला नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका लावते. दरवर्षी वेगळा रंग. कुठला बघितला, कुठला राहिला, एका नजरेत कळतं. ग्राहकाच्या वस्तूवर खूण करायला कंपनीची सक्त मनाई आहे, म्हणून हे मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. बुन-ये मावशी सोडून. कारण गेल्या वर्षीची जांभळी बाटली त्यांनीच दिली होती. सून विसरून गेली होती म्हणे. "घे पोरी, माझ्या नखांना आता कोण बघतंय?" असं म्हणून हसल्या होत्या, आणि त्यांच्या अलार्मवर मी ठिपका लावला तो त्यांच्या डोळ्यांदेखत.

प्योने ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. "म्हणजे एक नियम पाळला हे दाखवायला तुम्ही दुसरा मोडल्याचं कबूल करताय. आणि ठिपका तरी कुठे आहे यावर?"

"नाहीच आहे. तेच तर सांगतेय. अलार्म बदललाय कोणीतरी."

"शुक्रवारी बैठक आहे. तोवर मावशी शुद्धीवर आल्या आणि त्यांनी तुमच्या बाजूने सांगितलं तर उत्तम. नाही तर खोटी नोंद केली म्हणून नोकरी जाईल आणि प्रकरण पोलिसांकडे. माझ्या हातात काही नाही."

चार दिवस होते. उठताना मी तो गोल अलार्म पुन्हा एकदा उलटा करून पाहिला. मागे दुहेरी चिकटपट्टीचा वाळलेला तुकडा होता आणि त्याला नखाएवढा वॉलपेपर चिकटून आलेला. फिकट हिरवा, वर पांढऱ्या लव्हाळ्याचं टोक. मावशींच्या घरातला वॉलपेपर पिवळट आहे, त्यावर बटणाएवढी फुलं आहेत.

मी थेट बोंग-इम काकूंकडे गेले. त्यांच्याकडे मावशींच्या घराची किल्ली असते.

काकूंकडे आधी खावं लागतं, मग बोलता येतं. त्यांनी तव्यावर कोबीची धिरडी टाकली आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. मावशींचा मुलगा दोंग-उक डोंगरात गेस्टहाऊस चालवतो, त्याचं कॅलेंडर. दरवर्षी सगळ्या आळीला वाटतो. फेब्रुवारीच्या पानावर एक खोली होती: जाड गाद्या, खिडकीतून दिसणारा गोठलेला ओढा, हिरवट भिंत.

"काकू, सणात मावशींकडे काही वेगळं वाटलं?"

"वाटलं म्हणजे? रातकिडा आला होता तिच्याकडे!"

"थंडीत रातकिडा?"

"तेच मी म्हटलं! सणाच्या दिवसापासून. दर मिनिटाला एकदा, टिक्. भिंत एक आहे ना आमची, सगळं ऐकू येतं. बुन-येला म्हटलं, तर म्हणते कशी, तुझे कान म्हातारे झालेत. माझे कान! संध्याकाळी ती ते बटण दाबायची, ते यंत्र बोंबलायचं, मग रातकिडा गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू."

मावशी रोज संध्याकाळी बटण दाबत हे मला माहीत होतं. त्यांची धाकटी बहीण कोळशाच्या गॅसने गेली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, शेजारच्या अंथरुणात. त्यानंतर त्या गॅसला जेवढ्या भ्यायल्या तेवढ्या कशालाच भ्यायल्या नाहीत.

आम्ही किल्ली लावून आत गेलो. भिंतीवर दोन स्क्रू होते, एकमेकांपासून वीतभर लांब. त्यांच्यामध्ये वॉलपेपरवर एक लांबट, स्वच्छ चौकोन होता. भोवती तीन वर्षांच्या स्वयंपाकाची काजळी. आणि डाव्या स्क्रूला लोकरीच्या दोऱ्याचा फास, मातकट रंगाचा, मावशींच्या विणकामाच्या टोपलीतला. गोल अलार्म या फासाला लटकत होता.

म्हणजे मी खोटी नव्हते. लांबट अलार्म इथे होता आणि तो जाऊन फार दिवस झाले नव्हते. नाही तर चौकोन काळवंडला असता.

"सणाच्या सुमारास कोण कोण येऊन गेलं?" मी विचारलं.

"मुलगा. आदल्या दिवशी आला, सकाळी पूजा उरकून पळाला, गेस्टहाऊस भरलेलं म्हणे. आणि तो बॉयलरवाला, बांग चिल-सोंग. आदल्याच दिवशी." काकूंनी आवाज खाली आणला. "त्याच्या हातात पिशवी होती, ओक-रान. तोंड उघडं होतं म्हणून दिसलं. आत जुने अलार्म होते. चार-पाच तरी."

३

बांग चिल-सोंगचं दुकान बसथांब्यामागे आहे. माणूस साठीचा, तोंडाचा फाटका, हाताचा स्वच्छ. निदान त्या दिवसापर्यंत मी तसं समजत होते.

"आलात? मला वाटलंच," तो म्हणाला. "बोंग-इम काकूंनी सगळ्या आळीला सांगून झालंय की चिल-सोंग म्हाताऱ्यांचे नवे अलार्म चोरून जुने लावतो."

"पिशवीत जुने अलार्म होते की नव्हते?"

"होते. मुदत संपलेले. मी नवा लावला की जुना घेऊन येतो. या, दाखवतो काय करतो त्यांचं."

त्याने मागचं खोकं ओढलं. आत पंधरा-वीस अलार्म होते आणि एकूण एक हातोडीने फोडलेला. भोंगे पिचलेले, झाकणं दुभंगलेली.

"असं का?"

"अहो, माणसं महावस्ताद. मेलेला अलार्म दिला टाकून, की कोणी तरी उचलतं, बटण दाबतं, तो कोकलतो, आणि लावतात आपल्या घरी. बटणाने काय कळतं? भोंगा ठीक आहे, बॅटरी ठीक आहे. आतली गॅस ओळखणारी चकती मेली असेल तर ते बटणाला कसं कळणार? बहिऱ्याला गाता येत नाही असं थोडंच आहे!"

"मग ते टिक् टिक्?"

"किती वेळाने?"

"मिनिटाला एकदा. बटण दाबलं की दिवसभर गप्प."

बांगने हातातली पक्कड खाली ठेवली. "मग तो सांगत होता बिचारा, की मी म्हातारा झालो, मला बदला. त्या जुन्या मॉडेलमध्ये बटण दाबलं की ती सूचना एक दिवस बंद होते, माणसाला नवा आणायला वेळ मिळावा म्हणून. आणि मावशी रोज दाबत होत्या?"

"रोज. तपासणी समजून."

बाई रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने त्या यंत्राचं तोंड दाबत होती आणि निर्धास्त झोपत होती.

मी त्याला मागच्या चिकटपट्टीचं सांगितलं. तो हसला. "मग मी सुटलो. मी आयुष्यात अलार्म चिकटवला नाही. दोन स्क्रू, भिंतीत. आळीतल्या कुठल्याही घरात बघा. चिकटपट्टी कोण लावतं? ज्याला भिंतीला भोक नकोय. ज्याची भिंत दाखवायची आहे."

त्याचं म्हणणं मला पटलं. सणाच्या आदल्या दिवशी तो आला तेव्हा मावशी घरातच असणार. त्यांच्या देखत अलार्म बदलायचा तर काही तरी सांगावं लागलं असतं, आणि बांगने बदलला असता तर तो रिकाम्या स्क्रूंवर बसणारा लांबट लावला असता, लोकरीला लटकवलेला गोल नव्हे. दुकानात नवे लांबट वीस पडले होते.

तेवढ्यात फोन वाजला. प्यो होता.

"मेंगबाई, मावशी शुद्धीवर आल्या. जबानी झाली. त्या म्हणतात, ऑक्टोबरात तुम्ही घरात आलाच नाहीत. दारात उभ्या राहून कॉफी प्यायलात, सही घेतलीत आणि गेलात. आणि अलार्म पहिल्यापासून हाच गोल आहे म्हणे."

४

बुधवारी मी वोनजू शहरातल्या इस्पितळात गेले, जिथे मावशींना ठेवलं होतं. रागावले नव्हते. गॅसने आठवण जाते, मी स्वतः पाहिलंय. मनाशी म्हणत होते, मला बघितलं की आठवेल. अकरा वर्षांचा घरोबा. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात मावशींनी महिनाभर सूप करून पाठवलं होतं, आणि त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी रोज संध्याकाळी जाऊन त्यांचे पाय चेपले होते. मला आई नाही. नव्या वर्षाचा पहिला नमस्कार मी त्यांनाच करायची; यंदाच तेवढा ड्यूटीमुळे राहून गेला होता.

पलंगाशेजारी दोंग-उक बसला होता, नाशपाती सोलत. पन्नाशीचा, उंच, बोलायला गोड. "या, या, ताई. दमला असाल."

मावशींच्या नाकात नळी होती. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरी, आलीस?"

मी त्यांचा हात धरला. "मावशी, ऑक्टोबरात मी आत आले होते. बॉयलर पाहिला, अलार्म खाली उतरवला. मग आपण कॉफी घेतली. आठवतंय?"

"डोकं जड आहे गं."

"नुसती माझी खूण तरी सांगा त्यांना. अलार्मवरची. तुमच्याशिवाय कोणी पाहिली नाही. माझं सगळं त्याच्यावर आहे, मावशी."

दोंग-उकची सुरी थांबली. "कसली खूण?"

"ठिपका नि बिपका, मला काही माहीत नाही," मावशी घाईने म्हणाल्या. "तू दारातच होतीस. आत आली नाहीस."

"आईला त्रास नका देऊ, ताई," दोंग-उक म्हणाला. "डॉक्टर म्हणालेत, विसर पडतो. नाशपाती घ्या ना."

मी नाशपाती खाल्लीसुद्धा. एवढी मूर्ख मी.

बसमध्ये बसल्यावर पंधरा मिनिटांनी ते माझ्या डोक्यात शिरलं. मी खूण म्हणाले होते. खूण म्हणजे पेनाची रेघ असेल, ओरखडा असेल, कागद चिकटवलेला असेल. ठिपका हा शब्द माझ्या तोंडून निघालाच नव्हता. दोंग-उकला माहीतच नव्हतं, म्हणून त्याने विचारलं. मावशींना पक्कं आठवत होतं, म्हणून त्या नाही म्हणाल्या.

आठवण गेली असती तर मी आयुष्यभर त्यांची सेवा केली असती. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून, माझ्या हातात हात देऊन मला बुडवलं होतं.

कोणासाठी? असं खोटं ती बाई जगात एकाच माणसासाठी बोलेल. आणि तो नाशपाती सोलत बसला होता.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. चिकटपट्टी लावणाऱ्याला भिंतीला भोक नको होतं. भिंत फिकट हिरवी होती, लव्हाळ्याच्या चित्राची. आणि फिकट हिरवी भिंत मी परवाच पाहिली होती, काकूंच्या धिरड्यांची वाट बघताना.

मी बांगला फोन लावला. "उद्या सकाळी तुमचा टेम्पो हवा. आणि एक नवा अलार्म बरोबर घ्या. लांबट."

"कोणाकडे लावायचाय?"

"चोराकडे," मी म्हटलं.

५

गेस्टहाऊस गोठलेल्या ओढ्याकाठी आहे. सकाळचे दहा वाजले होते, पाहुणे घसरगाड्या घेऊन बर्फात गेले होते. दोंग-उक पायऱ्यांवरचं बर्फ खरवडत होता. मला बघून त्याचं फावडं हातातच राहिलं.

"खोल्या बघायच्या आहेत," मी म्हटलं. "कंपनीतर्फे नाही. माझ्यातर्फे."

तो नाही म्हणाला असता तर मी काय करणार होते, मला माहीत नाही. पण त्याने बांगकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

पाच खोल्या. पाचही फिकट हिरव्या, भिंतीवर वाऱ्यात वाकलेले पांढरे लव्हाळे. चार खोल्यांत गोल अलार्म, चिकटपट्टीने लावलेले. पाचवीत, ओढ्याच्या बाजूच्या खोलीत, लांबट. आणि त्याच्या वरच्या कडेतून वॉलपेपरचा फाटलेला कोपरा डोकावत होता.

मी हात घालणार तेवढ्यात बांगने मला थांबवलं. "आधी नवा. इथे रात्री माणसं झोपतात." त्याने भिंतीत भोकं पाडली, नवा अलार्म बसवला, मागची तारीख मला वाचायला लावली, बटण दाबून पाहिलं आणि मगच जुना खरवडून काढून माझ्या हातात दिला. बाकीच्या चार खोल्यांतल्या तारखाही त्याने वाचल्या आणि दोंग-उककडे बघून नुसती मान हलवली.

मी अलार्म खिडकीशी नेला. खालच्या कडेला जांभळा ठिपका होता.

दोंग-उक दारात उभा राहून बोलायला लागला. कोणी विचारलंही नव्हतं. "सण संपताच तपासणी होणार होती, ताई. प्रत्येक खोलीत अलार्म हवाच. या खोलीतला टिक् टिक् करत होता, पाहुणे तक्रार करत होते. नवा मागवला तर सुट्टीमुळे पार्सलं बंद. इथे लहान मुलं येणार होती! आई एकटीच असते, बॉयलर नवा, तुम्ही तपासलेला. मला वाटलं, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. आणि बटण दाबलं की वाजत होता की तो!"

"बटण भोंगा तपासतं, दोंग-उक. हवा नाही."

"मला कुठे माहीत होतं?"

"टिकटिक पाहुण्यांना नको होती हे माहीत होतं. ती आईच्या घरी नेऊन टांगायची हेही कळलं. आणि दुकान? तुझ्या गावात चिल-सोंगचं दुकान आहे. सणाच्या दिवशीसुद्धा त्याने मागच्या दाराने दिला असता."

"दिला असता," बांग म्हणाला.

दोंग-उकने चेहरा हातांनी झाकला. मला दया आली नाही. मी म्हटलं, "आणि मग आईला माझ्याविरुद्ध पढवलंस."

"नाही!" तो एकदम ओरडला. "ते मी नाही, ताई. शपथ घेतो. मी पोलिसांना सांगणारच होतो. शुद्धीवर आल्या आल्या आईच म्हणाली, तू तोंड उघडू नकोस. मी बघते."

६

दुपारी मी इस्पितळात पोचले तेव्हा मावशींची नळी काढलेली होती. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. मी पिशवीतून अलार्म काढला आणि पांघरुणावर ठेवला. ठिपका वरच्या बाजूला येईल असा.

त्यांनी तो हातात घेतला नाही.

"त्याने तुमच्या डोक्यावरचा चांगला अलार्म काढून नेला, मावशी," मी म्हटलं. "तुमच्या पाठीमागे. तुम्ही मेला असतात."

"पाठीमागे कशाला? स्टूल मीच धरलं होतं. डुगडुगतं ते. पडला असता."

मला बसावंसं वाटलं, पण खुर्ची लांब होती.

"लोकरही मीच दिली बांधायला," त्या म्हणाल्या. "तो म्हणाला, आई, तिकडे मुलं झोपणार आहेत. मी म्हटलं, ने. मी किती जगणार आहे? आणि वाजत होता की तो. रोज दाबून बघत होते मी."

"ते समजलं मला. गॅसबाबत चूक झाली, जुन्या यंत्राबाबत चूक झाली, ते सगळं समजलं. पण तुम्ही माझं नाव का घेतलंत? खरं एवढं सांगायचं होतं की ओक-रान आली होती. मुलाचं नाव न घेताही सांगता आलं असतं."

"कसं? तू आली होतीस आणि अलार्म चांगला होता, तर मग तो गेला कुठे, हे त्यांनी लगेच विचारलं असतं." त्यांनी हे फार विचारपूर्वक केलं होतं. शुद्धीवर येऊन तासही झाला नसताना. "तुझं काय एवढं जाणार होतं? काम जाईल, दुसरं बघशील. तुझे हातपाय धड आहेत. त्याचं गेस्टहाऊस बंद झालं, तो आत गेला, तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू? तुला मूल नाही, तुला नाही कळायचं."

हे त्या बोलल्या. माझा एकुलता एक मुलगा पोटातच गेला तेव्हा ज्यांच्या मांडीवर मी रडले होते, त्या.

"आणि मी तुमची कोण होते, मावशी?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, छताकडे बघत. तेच मला सगळ्यांत जास्त लागलं.

"तू गॅसवाली," त्या म्हणाल्या. "चांगली होतीस."

मी अलार्म उचलला, पिशवीत घातला आणि बाहेर आले. व्हरांड्यात उभं राहून प्यो मॅनेजरला फोन लावला. अलार्म मिळाला, कुठे मिळाला, कोणासमोर उतरवला, ते सगळं सांगितलं. बांग साक्ष देईल हेही सांगितलं. तो लिहून घेत होता, मधूनमधून चक्क माफी मागत होता.

"म्हणजे मुलाचं नाव, ग्वाक दोंग-उक," तो म्हणाला. "तुमच्यावरचं सगळं मिटलं, मेंगबाई. उद्या बैठकीत मी स्वतः सांगतो."

"दोन नावं लिहा."

"दुसरं कोणाचं?"

"खोटी जबानी देणारीचं."

प्यो म्हणाला, "म्हातारी बाई आहे हो. आजारी आहे. एक नाव पुरे नाही का?"

"दोन लिहा," मी म्हटलं, आणि सोक बुन-ये हे नाव त्याला नीट लिहिता यावं म्हणून सावकाश सांगितलं.